कोयना, मेहुणा आणि चौकोनी सेल

शाळेतला विज्ञान प्रकल्प विद्यार्थ्याला दिला जातो, ही एक भाबडी समजूत आहे. विद्यार्थी फक्त निरोप आणतो. हल्ली तेवढंही काम त्याला उरलेलं नाही, कारण निरोप पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परस्पर येतो. येतो तोही रात्री पावणेदहाला, माणूस जेवून आडवं व्हायच्या बेतात असताना. ‘उद्या सकाळपर्यंत प्रकल्पाचा विषय कळवावा. विषय विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कल्पनेतून सुचलेला असावा. विषयांची यादी सोबत जोडली आहे.’

पहिल्या पाच मिनिटांत ज्वालामुखी गेला. त्यापाठोपाठ जलचक्र, सूर्यमाला, ठिबक सिंचन. सिरिंजा आणि सलाइनच्या नळ्या जोडून केलेला जेसीबी बहुधा यादी यायच्या आधीच गेला होता, कारण तो घेणाऱ्या मुलीच्या वडिलांचं औषधांचं दुकान आहे. सूर्यमालावाल्यांनी ‘प्लुटो धरायचा का?’ असं विचारलं आणि साडेअकरापर्यंत त्यावर खल झाला. 2006 साली जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी ग्रहांच्या पंगतीतून उठवलेल्या प्लुटोला आमच्या ग्रुपने बहुमताने परत पाटावर बसवलं. एका पालकाने शेवटी नुसतेच जोडलेले हात टाकले. ते प्लुटोच्या बाजूचे की विरुद्ध, याचा निकाल अजून लागलेला नाही.

ज्वालामुखीची मला नेहमी गंमत वाटते. आम्ही चिपळूणचे. ज्या सह्याद्रीच्या पायथ्याशी राहतो तो अख्खा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. घराच्या भिंतीतला जांभा चिरासुद्धा त्याच खडकाला उन्हापावसाने खाऊन खाऊन झालेला. म्हणजे ज्वालामुखीला दरवर्षी दिवाळीआधी चुना लावणारी माणसं आम्ही. पण आमचा लाव्हा टोकदार डोंगराच्या तोंडातून उडाला नाही. जमिनीच्या लांबलचक भेगांतून निघाला आणि मुकाट्याने पसरत गेला. असला मुखदुर्बळ ज्वालामुखी प्रदर्शनात कोण बघणार? म्हणून कोकणातली मुलं दरवर्षी चिकणमातीचा इटालियन डोंगर करतात आणि त्यात आईच्या डब्यातला खाण्याचा सोडा रिकामा करतात.

आमची कन्या सहावीत आहे. तिला यादीत रस नव्हता.

“बाबा, मला मुंग्यांचं करायचंय. त्या ओळीनेच का चालतात, आणि मध्ये बोट पुसलं की गोंधळतात का, ते.”

“त्यात दाखवायचं काय?”

“मुंग्या.”

“आणि प्रदर्शनाच्या दिवशी त्या आल्याच नाहीत तर?”

“तर आल्या नाहीत असं लिहायचं.”

ही असली उत्तरं बक्षीस मिळवून देत नाहीत, एवढं कळण्याइतकं शिक्षण माझं झालेलं आहे. मी कला शाखेचा पदवीधर असून एका पतसंस्थेत वसुली बघतो. विज्ञानाशी माझा शेवटचा संबंध दहावीच्या परीक्षेत आला आणि तिथे आम्ही दोघांनी सामंजस्याने वेगळं व्हायचं ठरवलं. तेव्हा मी सौभाग्यवतींकडे पाहिलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी न करता एका वाक्यात विषय संपवला.

“अहो, अण्णा आहेत की. कोयना करा.”

अण्णा म्हणजे माझे सासरे. पोफळीच्या वीजघरात उभी हयात काढून निवृत्त झालेले. वास्तविक चिपळुणात कोयनेचं मॉडेल मांडणं म्हणजे भटजींच्याच घरी जाऊन सत्यनारायणाची पोथी वाचण्यासारखं आहे. इथे ज्याच्या त्याच्या घरात कोणीतरी पोफळीला, अलोऱ्याला नाहीतर कोळकेवाडीला नोकरी केलेला असतो, आणि ज्याने केलेली नसते त्याला त्याबद्दल अधिक माहिती असते. पण तोवर सौभाग्यवतींनी ग्रुपवर ‘कोयना जलविद्युत प्रकल्प’ असं टाकूनसुद्धा दिलं होतं, पुढे एका विजेच्या चित्रासह.

दुसऱ्या दिवशी अण्णा अलोऱ्याहून आले ते फुटपट्टी घेऊनच. सोबत पुण्याचा मेहुणा, व्हिडिओ कॉलवर. तो अभियंता आहे. कशाचा, ते त्याने आम्हाला पुष्कळदा समजावून सांगितलं आहे.

“प्रमाण हजारास एक,” अण्णा म्हणाले. “धरणाची उंची 103 मीटर, म्हणजे आपली 10 सेंटिमीटर. लांबी 807 मीटर, म्हणजे 80 सेंटिमीटर.”

“आणि बोगदा?” मी विचारलं. काहीतरी विचारावं म्हणून.

“बोगदा आहे कित्येक किलोमीटरचा. तो टेबलाच्या बाहेर जाणार.”

“मग हॉलमध्ये तो दुसऱ्याच्या टेबलावर जाईल, अण्णा.”

“जाऊ दे की. खरा साताऱ्यातून रत्नागिरी जिल्ह्यात आलाच ना?”

इथे अण्णांनी आमचा घोर गैरसमज दूर केला. धरणाच्या भिंतीवरून पाणी धबाधबा खाली पडतं, त्याखाली चाक फिरतं आणि वीज तयार होते, असं मी चाळीस वर्षं समजत होतो. चित्रात तसंच असतं. कोयनेत तसं नाही. नदी महाबळेश्वरला उगम पावून सह्याद्रीच्या पलीकडून वाहत शेवटी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिचं पाणी शिवसागर जलाशयात अडवलं, डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणलं आणि कोकणच्या बाजूला साधारण पावणेपाचशे मीटर खाली सोडलं. वीजघरही डोंगराच्या पोटातच. काम झालं की ते पाणी कोळकेवाडीवरून आमच्या वाशिष्ठीत. बंगालच्या उपसागराला निघालेलं पाणी दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात! हे सांगताना अण्णांचा चेहरा असा झाला की डोंगर त्यांनी स्वतः फोडला असावा.

“म्हणजे आपल्याला आधी सह्याद्री लागणार,” मेहुणा पुण्याहून म्हणाला.

सह्याद्री थर्माकोलचा करायचा हे निर्विवाद होतं. शालेय विज्ञानाचा पाया थर्माकोल हाच आहे. पण महाराष्ट्रात 2018 पासून त्याच्यावर बंदी. दुकानात मागितला तर दुकानदाराने आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि मग “नाही” म्हणाला. शेवटी माळ्यावर बंदीपूर्व काळातलं गणपतीचं मखर सापडलं. त्याच्या महिरपी, खांब आणि दोन मोर कापून सह्याद्री उभा राहिला. कुंभार्ली घाटाच्या मागच्या बाजूला चमकीत ‘मोरया’ दिसत होतं, पण पर्यावरणाला पाठ फिरवून ठेवलं की ते कळत नव्हतं. ‘पर्यावरणपूरक ऊर्जा’ हा आमचा उपविषय होता.

मग मी त्याच्यावर हिरव्या रंगाचा फवारा मारला.

त्या फवाऱ्यातला द्रावक थर्माकोलला विरघळवतो, हे डब्यावर कुठेतरी लिहिलेलं असेलही. थर्माकोल म्हणजे बहुतेक सगळी हवाच, आणि उरलेलं थोडंसं प्लास्टिक. हवा निघून गेली की काय उरतं ते आम्ही सगळ्यांनी समक्ष पाहिलं. आधी कुंभार्ली घाटाला खड्डे पडले (यात कोणाला नवल वाटलं नाही), मग शिखरं आत गेली, आणि साडेसहा कोटी वर्षं टिकलेला सह्याद्री चहा निवायच्या आत परातीत मावेल एवढा झाला. कन्या एकटीच टाळ्या वाजवत होती. “परत करा ना बाबा! मला वेळ मोजायचीय.”

“हे प्रकल्पात नाहीये,” मी म्हणालो.

दुसरा सह्याद्री जुनी वर्तमानपत्रं आणि मैद्याची खळ यांचा. तो छान झाला, जरा जास्तच, कारण माझ्या आईने खळीत सवयीने चिमूटभर साखर घातली होती. सकाळी उठून पाहतो तर दाराच्या उंबऱ्यापासून थेट शिवसागरापर्यंत मुंग्यांची अखंड रांग. मी फडकं घेऊन धावलो तर कन्येने मला अडवलं. ती वही घेऊन पालथी पडली होती. रांगेत मध्येच बोटाने पुसायची, मुंग्या गडबडायच्या, इकडेतिकडे मिशा हलवत शोधायच्या आणि परत वाट लावायच्या. ती लिहून घेत होती. शाळेची वेळ झाली तरी उठेना. विज्ञानाच्या नादाने पोरगी प्रकल्पाकडे दुर्लक्ष करतेय, अशी सौभाग्यवतींनी तक्रार केली, आणि मला ती पटली.

तक्त्याचं काम मात्र निर्विघ्न पार पडलं. त्याची रचना मी शाळेत असल्यापासून बदललेली नाही: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. अक्षर सौभाग्यवतींचं. निरीक्षण आणि अनुमान आम्ही पहिल्याच दिवशी लिहून टाकलं, कारण नंतर घाई होते. ‘निरीक्षण: पाणी सोडताच चाक फिरते व दिवे प्रकाशमान होतात.’ एवढं सुरेख अक्षरात लिहिल्यावर दिवे प्रकाशमान न होण्याची हिंमत करतील असं आम्हाला वाटलं नाही.

त्यांनी केली.

चाक अण्णांनी बनवलं होतं. पोफळीला पेल्टन जातीची चाकं आहेत, त्यांच्या कडेला वाट्या असतात आणि त्या वाट्यांवर पाण्याची धार आदळते. वाट्यांसाठी आइस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे हवे होते. त्यासाठी घराने थंडीच्या दिवसांत जो त्याग केला, त्याने माझ्या आईचा खोकला परत आला. चाकाला बिघडलेल्या खेळण्यातल्या गाडीची मोटर जोडली. अशी मोटर उलट फिरवली की तीच वीज देते. बादली उंचावर ठेवली, सलाइनची नळी सोडली, चाक गरगर फिरलं. आम्ही श्वास रोखून तिन्ही दिव्यांकडे पाहिलं. तिन्ही दिव्यांनी आमच्याकडे पाहिलं.

“लाल दिवा लावून बघा, त्याला कमी व्होल्ट लागतात,” मेहुणा म्हणाला. लावला. खोलीतला लाइट घालवला, पडदे ओढले, डोळे बारीक केले. आई म्हणाली, “मला दिसला.” पण तिला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ काही दिसतं.

मग मेहुण्याने हिशेब सांगितला. कन्या पेन्सिल घेऊन बसली. एक लिटर पाणी अर्धा मीटर खाली आलं की त्यातून जेमतेम 5 ज्यूल ऊर्जा मिळते. मोबाइलची 5,000 एमएएचची बॅटरी पूर्ण भरायची तर साधारण 70 हजार ज्यूल लागतात.

“म्हणजे 14 हजार लिटर!” कन्या ओरडली. “बाबा, एक मोबाइल चार्ज करायला गच्चीवरची हजाराची टाकी 14 वेळा रिकामी करायची!”

“आणि तेही मोटर काही खात नाही असं धरून. ती जवळजवळ सगळंच खाते,” मेहुणा म्हणाला.

“मग पोफळीला?”

“पोफळीला पावणेपाचशे मीटर. कर तूच.”

तिने जिभेचं टोक बाहेर काढून भागाकार केला. “15 लिटर. एक बादली! एका बादलीत मोबाइल!” आणि ती अण्णांकडे अशा नजरेने पाहू लागली की त्यांना उगाच चष्मा पुसावा लागला.

हे सगळं ठीक होतं. पण दिवा लागत नव्हता. आणि विज्ञान प्रदर्शनात ज्याचा दिवा लागत नाही त्याचं काही खरं नसतं. अशा वेळी सगळ्या थोर अभियंत्यांना जे सुचतं ते मेहुण्याला सुचलं.

“भावजी, 9 व्होल्टचा चौकोनी सेल आणा. तीन पांढरे दिवे एका रांगेत जोडा. सेल डोंगराखाली. पाणी सोडताना गुपचूप बटण दाबायचं. सगळे हेच करतात.”

अण्णा ताडकन उभे राहिले. “कोयनेला सेल? 1,960 मेगावॉटच्या प्रकल्पाला सेल लावणार तुम्ही? माझ्या हयातीत हे होणार नाही.”

मग ते गॅलरीत जाऊन बराच वेळ वाशिष्ठीच्या दिशेने बघत उभे राहिले. जेवताना कोणी बोललं नाही. ताकभाताच्या वेळी ते हळूच म्हणाले, “पोफळीच्या जागी डोंगर आतून पोकळ ठेवलाय. नाहीतरी वीजघर भूमिगतच आहे. ठेवायचाच तर तिथे ठेवा.”

राहिलं भाषण. ते मी लिहिलं, म्हणून ते चांगलं होतं. ‘आदरणीय परीक्षक महोदय, जलाशयातील पाण्याच्या स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत व तदनंतर विद्युत ऊर्जेत रूपांतर होऊन…’

“बाबा, तदनंतर म्हणजे?”

“मग.”

“मग ‘मग’ का नाही म्हणायचं?”

“त्याने गुण कमी होतात.”

आठवडाभर घरात ते भाषण घुमत होतं. सौभाग्यवतींना पाठ झालं, आईला पाठ झालं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात मला थांबवून ‘तदनंतर’च्या पुढचं विचारलं. फक्त कन्येला ते पाठ होत नव्हतं. ती सारखी ‘एका बादलीत मोबाइल’ वर येत होती आणि मी तिला परत स्थितिज ऊर्जेवर नेत होतो.

28 फेब्रुवारी उजाडली. 1928 साली याच तारखेला चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला शोध जाहीर केला आणि 1987 पासून आपण तो दिवस पालकांना रिक्षाच्या मागे धावायला लावून साजरा करतो. आमच्या रिक्षात शिवसागर माझ्या मांडीवर होता, सह्याद्री सौभाग्यवतींच्या, आणि अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी बसून त्याला गतिरोधकांची आगाऊ सूचना देत होते. कन्येला जागा नव्हती. ती मैत्रिणीच्या सायकलवरून आली आणि आमच्या आधी पोचली.

हॉलमध्ये वडिलांची एकच गर्दी. कोणी गुडघ्यावर बसून वायरी जोडतोय, कोणी पंख्याचा कोन बदलून पवनचक्कीला वारा पाजतोय. कोणी स्वतःच्या मुलाला “हात लावू नकोस, मोडेल” म्हणून दरडावतोय. मुलं मैदानात लंगडी खेळत होती. आमच्या उजव्या टेबलावर ज्वालामुखी. त्याच्या आईने खाण्याचा सोडा, लिंबूसत्त्व आणि लाल रंग आधीच मिसळून ताटात काढून ठेवला होता. परीक्षक आले की मिश्रण डोंगरात घालायचं आणि वरून पाणी. पलीकडे सूर्यमाला. प्लुटो होता, पण भरवसा नसल्यामुळे तो वेगळा दोऱ्याने टांगला होता, काढता येईल असा. आणि आमच्या टेबलासमोर अण्णांचे पोफळीचे निवृत्त सहकारी, कानटोप्या घालून, दाटीवाटीने. त्यांना कोणी बोलावलं ते अण्णा सांगेनात.

प्रमुख पाहुणे नियमानुसार उशिरा आले. दीपप्रज्वलन झालं. पाहुण्यांनी फीत कापली आणि त्याच क्षणी लाइट गेली.

देशातल्या मोठ्यातल्या मोठ्या जलविद्युत केंद्रांपैकी एकाच्या उशाशी राहून आम्हाला हे नवीन नाही. पण हॉल तळघराला लागून होता. मिट्ट काळोख झाला. पवनचक्क्या थांबल्या. सूर्यमालेतला सूर्य विझला, त्यामुळे ग्रहांचं प्रयोजनच संपलं. जेसीबी चालू असेल, पण दिसत नव्हता. आणि त्या अंधारात, हॉलच्या मधोमध, एकाच ठिकाणी तीन पांढरेशुभ्र दिवे लखलखत होते.

गडबडीत कोणाचा तरी कोपर बटणाला लागला असावा. माझाच.

“वा! वा!” पाहुणे दिव्यांच्या दिशेने चाचपडत आले. “बघा मुलांनो! सगळीकडे अंधार, पण या चिमुकलीच्या धरणाची वीज चालू आहे! याला म्हणतात स्वावलंबन!” टाळ्या पडल्या. अण्णांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. मी नळी सोडली, कारण निदान पाणी तरी पडत असावं. चाक फिरू लागलं. पाहुणे तिथेच बोलायला लागले. बळीराजा, तरुण पिढी, चंद्रयान.

चंद्रयानाच्या आसपास माझ्या पायाला ओलं लागलं.

नळी जिथे शिवसागरातून बाहेर येते तिथलं मेण सुटलं होतं. पाणी नळीतून जाण्याऐवजी सह्याद्रीच्या पोटात शिरलं, मैद्याचा डोंगर पिऊन फुगला, आणि टेबलाच्या फटीतून उजवीकडे निघालं. तेवढ्यात कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावून “पाणी! पाणी!” म्हणालं.

बाकी कुठल्या गावात काय झालं असतं ठाऊक नाही. चिपळुणात 2021 च्या पुरानंतर “पाणी” हा शब्द दोनदा उच्चारायचा नसतो. एका क्षणात हॉलमधल्या समस्त पालकांनी कोणी काही न सांगता आपापले प्रकल्प डोक्याच्या वर उचलले, बाकं बाकांवर चढवली, सतरंज्या गुंडाळल्या, आणि एका आजीने पाहुण्यांची खुर्चीसुद्धा, पाहुणे उठायची फार वाट न बघता, टेबलावर ठेवली. सगळे वर बघत उभे राहिले. खाली वाटीभर पाणी होतं.

ते वाटीभर पाणी तोवर शेजारच्या ताटात पोचलं होतं. सोडा आणि लिंबूसत्त्व, मध्ये पाणी! ताट फसफसून उठलं. डोंगर कोरडाच राहिला आणि लालभडक लाव्हा ताटाच्या कडेवरून उतरून टेबलाच्या फटीफटींतून, कुठलाही गाजावाजा न करता, सपाट पसरत गेला. सह्याद्री आणि दख्खनचं पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जसं घडलं, तसं ते त्या दिवशी इतक्या वर्षांत प्रथमच कोणीतरी बरोबर दाखवलं होतं. पण ज्वालामुखीवाल्याची आई रडायला आली होती, म्हणून मी हे बोललो नाही.

“अरे, लेक टॅपिंग झालं!” कानटोप्यांतून आनंदाचा आवाज आला. “13 मार्च 1999! तलावाचा तळच उडवला होता आपण! पाणी भरलेलं असताना, खालून!” लगेच दुसरा म्हणाला, “आणि 2012 ला परत!” मग त्यांच्यात त्या दिवशी कोण कुठे ड्यूटीवर होतं यावर जुंपली, आणि पाहुण्यांचं तरुण पिढीवरचं भाषण वृद्धांनी बुडवलं.

लाइट आली. परीक्षक बाई आमच्या टेबलाशी उभ्या होत्या. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या, शांत, हातात गुणपत्रिका. त्यांनी धरणात डोकावून पाहिलं. धरण कोरडं ठणठणीत. चाक थांबलेलं. दिवे लखलखीत.

“पाणी संपलं, बाळा,” त्या म्हणाल्या. “मग दिवे कसे चालू?”

मी कन्येच्या मागे उभा राहून ओठांनी ‘स्थितिज’, ‘स्थितिज’ करत होतो. अण्णा छताकडे बघत होते. सौभाग्यवती अकस्मात कोणालातरी फोन करायला निघून गेल्या.

“पोफळीत सेल आहे,” कन्या म्हणाली.

“सेल?”

“हो. चौकोनी. 9 व्होल्टचा. आमच्या पाण्याने दिवा लागतच नाही. लागणारच नाही. अर्ध्या मीटरवरून पडतंय ना. मोबाइल चार्ज करायला 14 हजार लिटर पाहिजे. खऱ्या पोफळीला 15 लिटरच लागतं, एक बादली. मी भागाकार केलाय, दाखवू?”

बाईंनी गुणपत्रिका बगलेत धरली आणि बाकावर बसल्या. “दाखव.”

वही निघाली. भागाकार पाहून झाला, मागची पानंही उलटली गेली.

“हे काय? ‘सकाळी 7:10, बोट पुसले, मुंग्या थांबल्या’?”

“ते यातलं नाहीये,” मी घाईने म्हणालो.

“तुम्ही थांबा,” बाई म्हणाल्या.

पुढची जवळजवळ पंधरा मिनिटं त्या दोघी मुंग्यांवर बोलत होत्या. मुंग्या जाताना वाटेवर वास सोडतात, मागच्या त्या वासाने चालतात, बोटाने तो पुसला जातो, वगैरे. मध्ये एकदा ‘तदनंतर’ म्हणायची संधी आली होती, पण कन्येने ‘मग’ म्हटलं. जलचक्र, ठिबक सिंचन आणि प्लुटोसह सूर्यमाला रांगेत ताटकळत होती. पाहुण्यांना दुसऱ्या उद्घाटनाला जायचं होतं, ते गेले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारून “फार सुंदर वीज” असं सांगितलं.

निकाल लागला. पहिला क्रमांक औषधाच्या दुकानातल्या जेसीबीला. आम्हाला उत्तेजनार्थ. “कोयनेला उत्तेजनार्थ!” असं म्हणत अण्णा रिक्षातून परत येईपर्यंत धुमसत होते, आणि प्रमाणपत्र मात्र त्यांनीच मागून घेतलं. ते आता अलोऱ्याला त्यांच्या निवृत्तीच्या सत्काराच्या फोटोशेजारी लावलेलं आहे.

आवराआवर चालू असताना तालुक्याच्या प्रदर्शनात जाणाऱ्या मुलांचे दोन-तीन पालक एकेक करून आमच्या टेबलाशी रेंगाळले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून एकाने विचारलं, “ते… सेल नेमका कुठे ठेवला होता हो? बाहेरून अजिबात कळत नव्हतं.” मी काही सांगायच्या आत कन्येने वहीचं पान फाडलं आणि त्यांना पेन्सिलीने आकृती काढून दिली. शाळेत शिकवल्याप्रमाणे भागांना नावंही दिली: धरण, शिवसागर, गळती, मुंग्यांची वाट, बाबांचा कोपर, पोफळी. पोफळीच्या आत एक छोटा चौकोन काढून त्यावर अधिक-उणे केलं आणि म्हणाली, “काका, पण दिव्याचा लांब पाय अधिककडेच जोडा हां. नाहीतर लागत नाही.”